फुलबागेत गवत लावावे काय?

मागच्या जून महिन्यात पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही आमच्या निवासाच्या पायरीशेजारी कुदळ घेऊन उभे होतो. शेताकडे निघालेली एक मावशी फाटकाशी थांबली. आमच्या पायाशी पडलेले ठोंब पाहून तिने विचारले, "फादर, काय लावताय?" आम्ही म्हणालो, "गवत." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही कंबर मोडेस्तोवर गवत भांगलतो, आणि तुम्ही ते आणून लावताय होय!" आणि हसत निघून गेली.

मावशीचे म्हणणे खोटे नाही. शेतकऱ्याच्या घरात गवत या शब्दाला दोनच अर्थ असतात. एक जनावरांची वैरण, दुसरा पिकाचा वैरी. फुलबागेत गुलाब, मोगरा, शेवंती, झेंडू लावावा, गवत उपटून टाकावे, हेच आपण लहानपणापासून पाहत आलो. तरीही काही निवडक गवतांना अंगणात जागा द्यावी, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले, त्यात आमची कोठे चूक झाली आणि त्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागली, हे सर्व या पानावर लिहावयाचे आहे.

मुळात आपण ज्यावर जगतो ते भात, नाचणी, जोंधळा, मका, ऊस, एवढेच काय, कुंपणाचा बांबूदेखील, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने गवताच्याच कुळातले. प्रभू येशूने गहू आणि निदण यांचा जो दाखला सांगितला, त्यातील निदणही गव्हासारखेच दिसणारे एक गवत होते असे अभ्यासक मानतात. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते गव्हापासून वेगळे ओळखू येत नाही, म्हणूनच त्या दाखल्यातील धनी चाकरांना घाईने उपटू देत नाही. तेव्हा गवता-गवतात फरक असतो, आणि तो ओळखायला थोडा धीर लागतो.

आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस कसा पडतो हे येथील लोकांस सांगावयास नको. जांबोटी-कणकुंबीकडे तर जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधी कुजतात, झेंडू आडवा होतो, डेलियाची मान मोडते. ३० ऑगस्टपासून मरियामातेच्या जन्माच्या सणाची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते आणि मुले ओंजळीत फुले घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात तेरडाच असतो. अशा दिवसांत बागेत ताठ उभे असते ते गवतच. पावसाचे पाणी त्याच्या पातीवरून ओघळून जाते आणि ऊन पडले की पात्या पुन्हा सरळ होतात. फुलझाडांच्या मागे गवताचा एक गर्द ठोंब असला, तर पुढचा साधा तेरडाही उठून दिसतो. युरोपात ही गोष्ट लोकांस पटवून देणाऱ्यांत जर्मनीतील पॉट्सडामचे रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर (१८७४-१९७०) यांचे नाव घेतात. बागेत गवते आणि नेचे कसे आणावेत यावर त्यांनी १९५७ साली पुस्तक लिहिले. आपल्याकडे मात्र गवत शोभेचे असते हे सांगितले की लोक मावशीसारखे हसतात.

आता हसण्यामागे जे शहाणपण आहे तेही लक्षात घेऊ. गवत घराजवळ आणण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. ते मुळांनी पळते काय, आणि त्याचे बी वाऱ्याने उडते काय. हरळी जमिनीच्या वरून आणि खालूनही धावते. एक कांडे राहिले तरी पुन्हा फुटते. काळ्या रानातला कुंदा किती खोल जातो ते बैलहोंगलकडच्या शेतकऱ्यांस विचारावे. लव्हाळा तर खरे म्हणजे गवतही नव्हे, पण त्याच्या जमिनीतल्या गाठी माणसाला थकवतात. ही मंडळी कितीही हिरवीगार दिसली तरी बागेच्या वाफ्यात नकोत.

रोपवाटिकांतून हल्ली तुऱ्यांची विदेशी गवतेही मिळतात. लग्नाच्या मंडपात आणि दुकानांत पांढरे, मोठे, पिसासारखे वाळलेले तुरे दिसतात ते पाम्पास गवताचे. ते मूळ दक्षिण अमेरिकेचे. शोभेसाठी म्हणून ते कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंड येथे नेले आणि तेथे ते बागेबाहेर पडून रानोमाळ पसरले. त्याच्या पातीची कड करवतीसारखी असते. लहान मुलांच्या घरी ते नसलेलेच बरे. दुसरे फाउंटन गवत, आफ्रिकेचे. त्याचे लांब, मऊ, गुलाबीसर तुरे वाऱ्यावर डोलतात, यात शंका नाही. पण त्याच गवताने हवाई बेटांवर उच्छाद मांडला आहे आणि ते वाळले की वणवा झटकन पसरतो. त्याची जांभळ्या पानांची जी बागेतली जात आहे, तिला बी जवळजवळ धरतच नाही. घ्यावयाचेच तर तेवढे घ्यावे, हिरव्या पानांचे घेऊ नये. एवढा डौल विकत आणण्यापेक्षा आम्हांस विचाराल तर आपल्या वाफ्याच्या मागे राळ्याची चार ताटे लावावीत. राळ्याचे कणीस पिकले म्हणजे असे वाकते की पाहत राहावे, आणि मुनियांचे थवे येतात ते वेगळेच. बाजरीच्या जांभळ्या पानांच्या 'पर्पल मॅजेस्टी' नावाच्या शोभेच्या जातीला अमेरिकेत २००३ साली सुवर्णपदक मिळाले. आपली बाजरी तेथे फुलबागेत मिरवते, आणि आपण तिला शेताच्या बांधाबाहेर पाहावयास तयार नाही!

असो. आमच्या अनुभवातील तीन गवतांविषयी आता सविस्तर लिहितो.

वाळ्याची ओळ

आमच्या देवळामागे उतार आहे. दर पावसाळ्यात तेथील तांबडी माती वाहून खालच्या विहिरीकडे जाई आणि फुलझाडांची मुळे उघडी पडत. आम्ही दगडांची ताल रचली. पहिल्या जोराच्या पावसात अर्धे दगड विहिरीच्या काठाशी जाऊन बसले. मग वाळा लावला, आणि आज तिसरे वर्ष आहे, माती जागेवर आहे.

वाळा आपणांस माहीत आहे तो माठातल्या पाण्यात टाकावयाच्या सुगंधी मुळ्यांमुळे किंवा उन्हाळ्यातल्या ताट्यांमुळे. पण मैसूरजवळ गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या तो शेताच्या हद्दीवर लावत आले. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी ते पाहिले, आणि जमिनीची धूप थांबविण्यासाठी हेच गवत त्यांनी अनेक देशांत नेले. आपल्या कर्नाटकातल्या शेतकऱ्याचे ज्ञान जगभर गेले आणि आपण मात्र बांधावर सिमेंट शोधतो.

या गवताचा गुण असा की मुळे आडवी न जाता सरळ खाली उतरतात, आठ-दहा फुटांपर्यंत आणि चांगल्या जमिनीत त्याहूनही खोल. शेजारच्या गुलाबाचे खत ते फारसे ओढत नाही. दक्षिणेकडच्या लागवडीच्या वाळ्याचे बी रुजत नाही, आणि तो धावऱ्या सोडत नाही. जेथे लावाल तेथेच राहतो. उत्तर हिंदुस्थानातील रानटी खस मात्र बियांनी पसरते, म्हणून रोपे कोठली आहेत ते विचारूनच घ्यावीत.

लावण्याची रीत सोपी आहे. जुन्या ठोंबातून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे वेगळे करावेत. पात्या वीतभर ठेवून वरून कापाव्यात, मुळेही बोटभर राखून छाटावीत. उताराला आडवी, पाण्याची पातळी धरून, एक चर काढावी आणि त्यात चार ते सहा इंचांवर एकेक तुकडा लावावा. जास्त अंतर ठेवले की मधून पाणी वाट काढते. आमची पहिली ओळ त्यामुळेच फसली होती. पाऊस नीट लागला की मगच लावावे. पहिले वर्ष खाडे भरावेत आणि भांगलण करावी. पुढे वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याइतकी उंची ठेवून कापीत गेले म्हणजे झाले. कापलेल्या पात्या झाडांच्या बुडात अंथरल्या की ओल टिकते, आणि त्यांस वाळवी लवकर लागत नाही. संध्याकाळच्या उन्हात या ओळीकडे पाहावे; हिरवे कारंजे उडत असल्यासारखे दिसते. तिच्या पुढे आम्ही अबोली लावली आहे.

एक आरोग्याची सूचना येथेच करतो. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी वाळा मुद्दाम लावतात, कारण त्याची मुळे घाणेरड्या पाण्यातील जड धातू आणि इतर द्रव्ये शोषून घेतात. तेव्हा न्हाणीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर लावलेला वाळा उपटून त्याच्या मुळ्या पिण्याच्या पाण्यात टाकू नयेत. माठासाठी मुळ्या हव्या असतील तर स्वच्छ मातीने भरलेल्या जुन्या पोत्यात किंवा पिंपात दोन ठोंब वेगळे लावावेत. दीड वर्षाने पोते फाडले की मुळ्या हाताने निघतात, खणावे लागत नाही आणि बांधाची ओळही मोडत नाही.

गवती चहा आणि आमची चूक

गवती चहाशिवाय आमच्याकडे एकही घर नसेल. पावसाळ्यात आल्याबरोबर त्याची पात चहात पडली नाही तर चहा प्याल्यासारखे वाटत नाही. त्याला फुलोरा क्वचितच येतो, बी उडत नाही, ठोंब जागेवर राहतो. वर सांगितलेल्या दोन्ही परीक्षांत तो उत्तीर्ण होतो. शिवाय दिसतोही डौलदार. म्हणून आम्ही मरियामातेच्या गुंफेकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस त्याची रांग लावली. त्यामागे आणखी एक विचार होता. गवती चहाच्या वासाने साप जवळ येत नाहीत, असे आम्ही ऐकले होते. अनेकांनी सांगितले होते, आणि आम्हीही दुसऱ्यांस सांगितले होते.

तीन वर्षांत ते ठोंब छातीइतके झाले. आतल्या पात्या वाळून बुडात दाट गादी झाली. आम्ही छाटले नाही, कारण गुंफेचा तो हिरवा रस्ता फोटोत फार छान येई. ऑक्टोबर महिन्यात रोज संध्याकाळी गुंफेसमोर जपमाळ होते. अशाच एका संध्याकाळी, जपमाळ संपल्यावर, देवळाची व्यवस्था पाहणारे आमचे वृद्ध काका सर्वांसाठी चहा करावयास निघाले आणि चार पात्या कापाव्यात म्हणून अंधारात ठोंबात हात घातला. घोणस होती.

त्यानंतर जे घडले त्यात आम्हांस अभिमान वाटण्यासारखे काही नाही. कोणी सुतळीने मनगट करकचून बांधले. कोणी ब्लेड शोधू लागले. पलीकडच्या वाडीत विष उतरविणारा एकजण आहे, त्याला आणावयास एक मुलगा मोटारसायकलवर धावलाही. आणि आम्ही स्वतः, सेमिनरीत आठ-नऊ वर्षे शिकलेले, हातात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन उभे. पाऊण तास गेला. गावातल्या एका परिचारिकेने येऊन सर्वांस बाजूला सारले तेव्हा गाडी निघाली. बेळगावात सर्पविषावरील लस मिळाली, पण तोपर्यंत मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. चार वेळा डायलिसिस करावे लागले. काका वाचले, देवाची कृपा. उजव्या हाताचे मधले बोट अजून पुरते वळत नाही.

गवती चहाने साप पळतो, ही समजूत खोटी आहे. उलट दाट, न छाटलेल्या ठोंबाच्या बुडात उंदीर बिळे करतात, बेडूक बसतात, आणि त्यांच्यामागे साप येतो. भातकापणीच्या सुमारास शेतातले उंदीर घरांकडे सरकतात, तेव्हा हा धोका वाढतो. डासांविषयीही असेच. सिट्रोनेला गवताचे तेल अंगाला लावले तर काही वेळ डास दूर राहतात हे खरे. पण नुसता ठोंब अंगणात लावल्याने डास कमी होत नाहीत. त्यासाठी साचलेले पाणीच उपसले पाहिजे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे दर वर्षी सुमारे ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, शेतात काम करणारी. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंशाची प्रत्येक घटना कळविणे रुग्णालयांस बंधनकारक केले. सर्पदंश झाल्यास काय करावे हे तेव्हापासून आम्ही वर्षातून एकदा प्रवचनानंतर सांगतो, तसेच येथे लिहितो. माणसाला आडवे झोपवावे, धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज चढते. हात किंवा पाय मोडला असता फळी लावून जसा स्थिर करतो तसा करावा. करकचून बांधू नये, कापू नये, चोखू नये, पाला लावू नये. कोणी अगोदरच घट्ट बांधले असेल, तर ते वाटेत एकदम सोडू नये. रुग्णालयात डॉक्टरांसमोर सोडावे. साप शोधत बसू नये. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालते, त्यामुळे साप मारून दाखविण्याची गरज नसते. १०८ क्रमांकास फोन करावा, किंवा मिळेल त्या गाडीने जेथे लस आहे त्या रुग्णालयात जावे. आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस असते, हे आजच विचारून ठेवावे. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

एवढे झाल्यावर लोक म्हणाले, फादर, सगळे गवत काढून टाका. आम्हीही कुदळ काढली होती. पण रुग्णालयातून परत आलेल्या काकांनीच अडविले. "गवताची काय चूक? छाटले नाही ती आपली चूक," असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा पायऱ्यांजवळचे सर्व ठोंब काढून देवळाच्या मागे, उघड्या जागेवर नेले. आता आमचा नियम असा आहे. दारापासून, पायवाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दहा-बारा फूट आत उंच गवत नाही. ठोंबाठोंबांत माणूस उभा राहील इतके अंतर. दर दोन-तीन महिन्यांनी वीतभर ठेवून पात्या कापावयाच्या, वाळलेली पाती आतून ओढून काढावयाची. तीन वर्षांनी ठोंब उपटून, फोडून नवा लावावयाचा. असे केल्याने पातही कोवळी मिळते. दिवस मावळल्यावर पात कापावयाची नाही, आणि दिवसाही आधी काठीने ठोंब हलवून मगच विळा. ठोंबाजवळ सरपण, विटा, कोंबड्यांचे दाणे काही नाही.

ज्यांस दम्याचा त्रास आहे त्यांनी तुरे येणारे गवत खिडकीखाली लावू नये. गवताच्या परागांनी अनेकांस शिंका आणि धाप लागते. आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी सर्व वाळके गवत कापून घ्यावे. उपवासकाळात आमच्याकडे रान वाळलेले असते आणि एका विडीच्या थोटकाने किती जळते ते आपण पाहतोच.

कसईचे मणी

तिसरे गवत आमच्या आवडीचे. याला कोणी कसई म्हणतात, कोणी रानजोंधळा. ओढ्याकाठी, भाताच्या चरीजवळ पुष्कळांनी पाहिले असेल. मक्यासारखी रुंद पाने, कंबरेपासून डोक्याइतकी उंची, आणि पानांच्या बेचक्यांतून लोंबणारे थेंबाच्या आकाराचे कठीण मणी. आधी हिरवे, मग राखी, पांढुरके, काही तपकिरी, सर्वांवर चिनीमातीसारखी चकाकी. त्या आकारामुळे युरोपात याला ईयोबाचे अश्रू हे नाव पडले आणि लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नावातही तेच ठेवले.

या मण्यात देवाने भोक आधीच पाडून ठेवले आहे. मणी म्हणजे प्रत्यक्ष दाणा नव्हे, दाण्याभोवतीचे कठीण झालेले आवरण. त्याच्या टोकातून नरफुलांचा लहान तुरा बाहेर येतो, आणि दुसऱ्या बाजूला देठ असतो. पिकल्यावर तुरा आणि देठ ओढून काढले की आरपार वाट राहते. सुई सहज जाते. म्हणूनच अनेक देशांतील ख्रिस्ती लोक या मण्यांच्या जपमाळा करीत आले. ईशान्य भारतात पातळ सालीची कसई धान्य म्हणून पिकवितात आणि खातात. आपली कठीण सालीची मात्र मण्यांचीच.

लागवड जून महिन्यात करावी. बी एक दिवस पाण्यात भिजवून, पेराएवढे खोल, दीड-दोन फुटांवर टोकावे. उगवण सावकाश होते, कधी तीन आठवडेही लागतात. धीर सोडून तेथे दुसरे काही लावू नये. हिला ओल फार आवडते. न्हाणीच्या पाण्याची वाट, विहिरीचा काठ, छपराची पागोळी पडते ती जागा, जेथे गुलाब कुजतो तेथे कसई खुलते. शेणखताची एक-एक पाटी पुरे. गुरे मात्र मक्यासारखीच आवडीने खातात, तेव्हा कुंपण हवे. फुलबागेत ती मागच्या रांगेत शोभते. पुढे तेरडा, कर्दळ असावी.

मणी एकदम पिकत नाहीत. ऑक्टोबरपासून पुढे, जो राखी झाला आणि चकाकू लागला तो हाताने तोडावा, हिरवा राहू द्यावा. हिरवा तोडलेला वाळल्यावर सुरकुततो, आणि फार उशीर केला की मणी गळून मातीत जातो. गळलेले वेचून घ्यावेत. ते वाऱ्याने उडत नाहीत, पण पाण्याबरोबर वाहून भाताच्या चरीत गेले तर तेथे उगवतील आणि शेजारी आम्हांस दोष देतील. अंगणात आपोआप उगवलेली रोपे कोवळी असताना हाताने सहज निघतात.

तोडलेले मणी सुपात पसरून आठ-पंधरा दिवस सावलीत वाळवावेत. मग जाड सुईने आतला तुऱ्याचा दांडा काढावा. पाच दशकांच्या जपमाळेस ५३ लहान आणि ६ मोठे, असे ५९ मणी लागतात. चांगल्या वाढलेल्या एका ठोंबातून एवढे निघतात. मोठे मणी आधीच निवडून बाजूला ठेवावेत, नाहीतर ओवताना मध्येच शोधाशोध होते. दोरा पक्का, मेण लावलेला किंवा नायलॉनचा घ्यावा आणि क्रूस शेवटी बांधावा. रंग, व्हार्निश काही लावू नये. हातात फिरून फिरूनच मण्यास तकाकी चढते. तान्ह्या मुलांच्या हाती सुटे मणी देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते.

मागच्या वर्षी आमच्या धर्मग्रामात पहिल्या कम्युनियनच्या मुलांसाठी अशा जपमाळा केल्या. मुलांनीच ओवल्या, काकांनी गाठी मारल्या. न वळणाऱ्या बोटामुळे त्यांची गाठ जरा सैल बसते, म्हणून प्रत्येक गाठ ते दोनदा मारतात. दोन मुलींच्या माळांत मणी ६० भरले. पुन्हा सोडून ओवण्यास त्या तयार होईनात, तेव्हा आम्ही तशाच आशीर्वादित केल्या.

कसईचे बी काकांकडे ठेवले आहे. पुढील तीन रविवार, सकाळची मिस्सा झाल्यावर, प्रत्येक घरास पंधरा दाणे मिळतील. वाळ्याचे ठोंब हवे असतील त्यांनी पाऊस लागल्यावर यावे, खणण्यास स्वतःची कुदळ आणावी. बियांसाठी येताना लहान पिशवी आणावी, कारण सुटे दाणे मुलांच्या खिशात गेले की ते घरी पोचत नाहीत. मागच्या खेपेस त्यांतले काही प्रवचन चालू असताना वेदीपर्यंत घरंगळत आले होते.